नव्या गोळीचे लाल ठिपके

ब्लाऊज शिवणं हा माझा धंदा, आणि लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तेव्हा माझे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा लक्षात आलं ते सुईत दोरा ओवताना. दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्यापाशी जायचं आणि बाजूला सरकायचं. मग हातातली कपबशी वाजायला लागली. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत माझं गिऱ्हाईक चांगलं होतं, पण एका बाईनं मापं देता देता विचारलंच, "एवढ्या लौकर हात कापाय लागलं व्हय गं तुजं?"

मी हसून वेळ मारून नेली. कारण मला माहीत होतं.

अकरावीत असताना मला पहिली फिट आली, भर वर्गात. तेव्हापासून मी व्हाल्प्रोएटची गोळी घेत होते. त्या गोळीनं माझ्या फिट थांबवल्या, हे मी कधी विसरणार नाही. बारावी, शिवणक्लास, लग्न, सगळं तिच्यामुळं झालं. पण तिनं वजनही वाढवलं, वेणी उंदराच्या शेपटीएवढी केली आणि आता हात धरले होते. लग्न ठरताना मी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सरळ सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "गोळी खाल्ली की बरी असतीस न्हवं? मग झालं की." ते साखर कारखान्यात कामाला आहेत; त्यांच्या बोलण्यात फार शब्द नसतात.

सासूबाईंनाही सांगितलं होतं. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडं, कानडी मुलखात. साधं बोलणं मराठीत आणि राग किंवा देव आला की कानडीत. त्यांनी माझी फिट कधीच बघितली नव्हती. त्यामुळं माझी गोळी म्हणजे त्यांच्या लेखी त्यांच्या बीपीच्या गोळीची बहीण. कधीमधी म्हणायच्याही, "आता काय व्हत न्हाई तुला. सोड की हळूच."

मूल हवं असं आमच्या मनात आलं तेव्हा आम्ही दोघं राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्या मेंदूच्या डॉक्टर. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अजून दिवस गेले नाहीत ना? बरं झालं आधी आलात," त्या म्हणाल्या. "ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. पाठीच्या कण्याला, मेंदूच्या वाढीला. ती बदलायला हवी."

मी म्हटलं, "मग उद्यापासून बंद करू?"

"अजिबात नाही." त्यांचा आवाज चढला. "एकदम बंद केलीत तर फिट उलटून येतील. एकामागं एक येत राहिल्या तर जिवावर बेततं. मी सांगेन तशीच कमी करायची. आणि ते होईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत."

त्यांनी फोलिक ॲसिडची गोळी लिहून दिली आणि नवी गोळी सुरू केली, लॅमोट्रिजिन. ती मुंगीच्या पावलानं वाढवायची, असं त्यांनी बजावलं. जुनी गोळी अंगात असताना ही नवी रक्तात जास्त साचते, म्हणून सुरुवात अगदी थोडक्यात. आणि उठता उठता त्यांनी माझ्याकडं नाही, ह्यांच्याकडं बघून सांगितलं, "अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंड आलं, डोळे चुरचुरले, तर घरात बसून वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं. दर वेळी काही वाईट निघतं असं नाही, पण ते ठरवायचं मी, तुम्ही नाही."

सुरुवातीचे आठवडे छान गेले. जुनी गोळी जरा कमी झाली आणि हात शांत झाले. मधे बाहेर द्यावी लागलेली काजबटणं मी पुन्हा घरी करायला लागले. आत्ती म्हणाल्या, "तोंडावर कळा आली बघ."

मग गळीत हंगाम सुरू झाला. बावड्यात हंगाम म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास आणि ह्यांच्या शिफ्टचा काही ठिकाणा नाही. माझी नवी गोळी संपत आली तेव्हा नेहमीच्या दुकानात नव्हती. ह्यांनी कामावरून येताना गावातल्या दुसऱ्या एका दुकानातून पाकीट आणलं. नाव तेच, कंपनी तीच, रंगही जवळपास तसाच. मी ते डब्यात ठेवलं आणि रोज सकाळी नेमानं एक घेत राहिले.

पहिल्यांदा डोकं जड झालं. चालताना जमीन जराशी कलल्यासारखी वाटायची. मला वाटलं, मान घालून शिवत बसते त्यानं. मग अंग तापलं आणि घसा धरला. थंडीचे दिवस होते, गल्लीत घरटी एकजण खोकत होता. मी सुंठीचा काढा घेतला आणि मशिनवर बसले.

एका सकाळी आत्ती माझ्या केसांना तेल लावत होत्या. मानेवरचे केस वर धरून त्या थांबल्या. मग त्यांनी पोलक्याचा गळा जरा मागं ओढून पाठ बघितली.

"यव्वा," त्या हळूच म्हणाल्या. "आई आल्यात."

मी आरशासमोर गेले. छातीवर, पाठीवर, दंडावर लाल ठिपके. काही मसुराएवढे, काही मोठे, मधे गडद आणि कडेला फिकट. खाज नव्हती. हात लावला की आग होत होती.

आत्तींनी हात जोडले. बाहेर जाऊन लिंबाचा डहाळा आणून दारात लावला. गॅसवर आमटीसाठी तेल ठेवलं होतं ते खाली उतरवलं, कारण घरात आई आल्या की फोडणी द्यायची नसते. मला म्हणाल्या, "पड आता गप. अंगावर पाणी घिऊ नगंस. सुई न्हाई, औषध न्हाई. आईला दवाखाना चालत न्हाई. आल्या तशा जातील."

"आत्ती, ह्या कांजिण्या नव्हेत. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, पुरळ उठलं तर..."

"त्या बाईला काय कळतंय? माझ्या तिन्ही पोरांस्नी आल्यात्या. मला वळखू येत न्हाई व्हय?"

त्या ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज भक्तीनं मऊ झाला होता. आणि खरं सांगते, माझ्याही मनात क्षणभर आलं की कांजिण्याच असाव्यात, गल्लीत दोन घरांत मुलांना आल्या होत्या. चार दिवस पडून राहावं, सगळं आपोआप बरं व्हावं, असं कुणाला वाटत नाही?

मी ह्यांना फोन लावला. कारखान्यात आत गेलं की फोन बाहेर कपाटात असतो. वाजत राहिला. मग दवाखान्यात लावला. तिथल्या मुलीनं माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. "पुरळ" म्हटल्याबरोबर तिनं डॉक्टरबाईंच्या हातात फोन दिला.

"ताप आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"डोळे?"

"चुरचुरतात. सकाळी चिकटले होते."

"आरशात बघा. खालचा ओठ उलटा करा. आत काय दिसतं?"

मी ओठ उलटा केला. आत पांढरट, सोलल्यासारखं झालं होतं. दोन दिवस तिखट झोंबत होतं ते ह्यामुळं. मी तसंच सांगितलं.

"ऐका," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश बोलत होत्या. "आजची नवी गोळी घेतली?"

"अजून नाही."

"घ्यायची नाही. पुन्हा कधीच घ्यायची नाही. जुनी मात्र चालूच ठेवा, ती चुकवायची नाही. आणि आत्ता निघा. मी दवाखान्यात सांगून ठेवते. येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या."

मी साडी बदलली नाही. वरून शाल घेतली, पर्स घेतली, गडबडीत गोळ्यांचा डबा मात्र राहिला. आत्ती दारात उभ्या होत्या, लिंबाच्या डहाळ्याखाली.

"कुठं निगालीस?"

"दवाखान्यात."

"आई अंगावर असताना उंबरा वलांडायचा न्हाई. कोप व्हईल."

"होऊ दे," मी म्हणाले. आयुष्यात त्यांना असं कधी बोलले नव्हते. "कोप झाला तर माझ्यावर होईल. पण मी इथं पडून राहणार नाही."

त्यांनी तोंड फिरवलं. मी कोपऱ्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि आत बसले. रिक्षा सुटणार तेवढ्यात मागून हाक आली, "थांब रं ए!" आत्ती धावत येत होत्या. त्या माझ्या शेजारी चढून बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "रिक्षात तुला काय झालं तर धरायचं कुणी? मी बी येतो."

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. तरी त्या आल्या.

रस्ता ट्रॉल्यांनी भरला होता. लाईन बाजारच्या अलीकडं एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलली होती आणि निम्मा ऊस रस्त्यावर पसरला होता. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला. मला उन्हाकडं बघवत नव्हतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. ब्लाऊजची बाही दंडाला घासली की चटका बसत होता. मी एकसारखा विचार करत होते: नवी गोळी बंद, जुनी कमी केलेली. मग आता माझ्या डोक्याला आवरून धरलंय कशानं?

आत्तींनी पुढं वाकून रिक्षावाल्याला विचारलं, "पावणं, दुसरीकडनं न्हाई का जाता येत?"

"गल्लीतनं घालतो की मावशी. खड्डं हाईत पर."

"घाल. खड्ड्यानं कोण मरत न्हाई."

रिक्षा आतल्या गल्लीत वळली. प्रत्येक खड्ड्याला आत्ती माझे खांदे धरत होत्या आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घेऊन कानडीत काही पुटपुटत होत्या. एकदा त्यांचा हात माझ्या मानेला लागला आणि मी कळवळले. त्यांनी हात काढून घेतला, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. ओठ आता बाहेरूनही सुजले होते. त्यानंतर त्यांनी आईचं नाव घेतलं नाही.

दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर एका ठिकाणी अंगठ्यानं हळूच दाबून कातडी सरकते का बघितलं. डोळ्यांचे डॉक्टर आले. डॉक्टरबाई आल्या आणि आत्तींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "औषधाची उलटी प्रतिक्रिया आहे. पुढं गेली तर अंगाची साल निघते, भाजल्यासारखी. डोळे जातात. माणसं दगावतात. ही वेळेत आलीय. पण पुढचे चार-पाच दिवस काळजीचे आहेत."

आत्ती नुसत्या माझ्या पायाशी येऊन बसल्या.

दुपारी हे आले, कारखान्याच्या कपड्यांतच. घरी जाऊन गोळ्यांचा डबा घेऊन आले होते. डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट उलटं करून वाचलं. नव्या गोळीच्या पाकिटापाशी त्या थांबल्या.

"हे कुठलं?"

"दुकानातलं," हे म्हणाले. "तीच हाय की. नाव तेच हाय."

"नाव तेच. ताकद बघा. मी पंचवीसची लिहिलीय, ही शंभरची आहे."

ह्यांनी पाकीट हातात घेतलं. बारीक अक्षर होतं, चकाकत्या कागदावर. ते बराच वेळ वाचत राहिले, जणू वाचत राहिलं तर आकडा बदलेल. मग खाली बसले. "मी आणली," एवढंच म्हणाले.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "बरोबर मापानं घेऊनही एखाद्याला अशी प्रतिक्रिया येते. तुमच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण झटकन वाढली की धोका वाढतो, हे खरं. आता पुढचं बघू."

पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मला त्यातलं काही आठवत नाही. डोळ्यांत थेंब घालायला नर्स आली होती, एवढं आठवतं, आणि नंतर एकदम जीभ चावल्याची कळ आणि ओल्या चादरीचा वास. मधलं सगळं मला शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी नंतर सांगितलं. माझी मान वळली, हातपाय ताठले आणि झटके सुरू झाले. आत्तींनी किंकाळी फोडली. मग त्यांना कधीतरी ऐकलेलं आठवलं असावं, कारण त्या स्वतःच्या पायातली चप्पल काढून माझ्या नाकाकडं न्यायला लागल्या. नर्सनं त्यांचा हात धरला.

"मावशी, ते नको. हुंगवायचं काही नाही, तोंडात काही घालायचं नाही. हिला कुशीवर करायला मला हात लावा."

आत्तींनी चप्पल टाकली आणि मला कुशीवर धरलं. झटके थांबेपर्यंत धरून ठेवलं. माझ्या पाठीवर फोड होते, त्यामुळं कुठं धरावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी पदराची घडी करून त्यावरून धरलं, असं त्या बाई म्हणाल्या.

मी शुद्धीवर आले तेव्हा आत्तींचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या एकच वाक्य बोलल्या. "हे असं असतंय व्हय तुला?"

मी मान हलवली.

"आणि मी म्हनत हुतो, गोळी सोड." त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. तिथं पुरळ नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिसरी गोळी सुरू केली, लेव्हेटिरासिटाम. हिच्यात मापाची मुंगी-पावलं नव्हती, लवकर कामाला लागली. ओठ, तोंड, पाठ ह्यांची कातडी निघाली आणि हळूहळू नवी आली. कित्येक दिवस मी नळीनं ताक आणि पेज घेत होते. डोळे वाचले. मात्र आजही ऊन लागलं की ते कोरडे पडतात आणि पर्समध्ये थेंबांची बाटली असते.

दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दिवशी हे संध्याकाळी उशिरा आले. मला कळलं की ते त्या दुकानात गेले असणार. कारखान्यातली चार पोरं बरोबर न्यायची भाषा ते आधीपासून करत होते.

"काच फोडलीसा काय?" मी विचारलं. तोंड अजून नीट उघडत नव्हतं.

"न्हाई. एकटाच गेलतो." ते खिडकीकडं बघत होते. "डॉक्टरांचा कागद आन् पाकीट, दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, दोन्ही मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. पंचवीस म्हटला, मग शंभर म्हटला. मग कागद खाली ठिवला. म्हटला, पावणं, बाई जिवंत हाय न्हवं?"

"मग?"

"मग काय. हाय म्हटलं. आलो. डॉक्टरांनी वर तक्रार कशी द्यायची सांगितलंय, ती देणार. मारून काय व्हतंय?"

घरी आल्यावर वाटलं, सुटलो. पण ह्या तिसऱ्या गोळीनं एक वेगळाच खेळ मांडला. मला राग यायला लागला. मी मुळात गप्प बाई. आता भांडं पडलं तरी डोकं भडकायचं. एका गिऱ्हाइकानं गळा सैल झाला म्हटल्यावर मी तो ब्लाऊज तिच्या अंगावर फेकला. ह्यांच्यावर ओरडले, आत्तींवर ओरडले, आणि नंतर न्हाणीत जाऊन रडले. रडू थांबत नसे. एकदा मनात आलं की मी नसले तर ह्या दोघांचं बरं चालेल. तो विचार आला आणि मी मशिनवरच गार पडले, कारण तो माझा वाटत नव्हता.

मी ते आत्तींना सांगितलं. ह्यांना सांगायचं धाडस झालं नाही. मला वाटलं त्या अंगारा लावतील. त्यांनी विभूती लावलीच, आणि लगेच फोन माझ्या हातात दिला. "त्या डॉक्टरबाईला लाव. गोळीचं असंल हे बी."

गोळीचंच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं काहींना, आणि मनात तसा विचार आला तर तासभरही लपवायचा नाही. त्यांनी आम्हांला त्याच दिवशी बोलावलं, मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली, गोळीचं माप कमी केलं. काही आठवडे गेले आणि मी पुन्हा माझ्यासारखी झाले. जुनी व्हाल्प्रोएट त्यानंतर महिन्यामहिन्यानं उतरवत शेवटी बंद केली. पहिल्या दिवशी ती न घेता चहा प्यायले तेव्हा मला मोकळं वाटायला हवं होतं. पण मी दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं चालत होते.

दिवस राहिले ते पुढच्या पावसाळ्यात. प्रत्येक तपासणीला मी श्वास धरून झोपायची. पोट वाढलं तसं रक्तातलं औषध कमी होत गेलं, म्हणून अधूनमधून रक्त तपासून माप वाढवावं लागलं. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "पोटुशी असताना एवढ्या गोळ्या? बंद कर बाई." मी काही म्हणायच्या आत आत्ती आतून म्हणाल्या, "बंद केल्यावर काय व्हतंय ते मी बघितलंय. तुम्ही बघितलं न्हाईसा."

मुलगी झाली, चांगली रडकी आणि वजनदार. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगावर पाजा, गोळी चालू असू दे. बाळ फार सुस्त वाटलं, पीत नसलं तर मात्र दाखवा. फक्त झोप मोडू द्यायची नाही, झोप मोडली की फिट येते. म्हणून रात्रीचं एक पाजणं आत्ती बाटलीतल्या दुधावर काढायच्या आणि मला दार लावून झोपवायच्या.

मुलगी आता दुडूदुडू पळते आणि शिवायच्या चिंध्या तोंडात घालते. मला त्या वॉर्डनंतर फिट आलेली नाही. येणार नाही असं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी तिला जमिनीवर बसूनच भरवते, गॅसपाशी कडेवर घेत नाही, आणि घरात एकटी असले तर तिला अंघोळ घालत नाही. आत्ती बाजारातून येईपर्यंत ती तशीच चिकट अंगानं माझ्याभोवती फिरत राहते, आणि आम्ही दोघी दाराकडं बघत बसतो.